लेकीकडे जायचं, पण तारखा तिच्या

पत्र असं आहे:

"माझं वय ६३, यजमानांचं ६८. मुलगी नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी एका बेटावर गेली, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथल्याच मुलाशी लग्न केलं, तिथल्याच शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी धाकटा मुलगाही तिच्या मागोमाग गेला. तो हॉटेलात काम करतो. आम्ही आजवर एकदाही गेलेलो नाही. यंदा यजमान मोकळे झाले, म्हणून फेब्रुवारी-मार्च असे दोन महिने जायचं ठरवलं. तिकिटंही तेव्हा स्वस्त दिसताहेत. मुलीला सांगितलं, तर म्हणाली, 'या ना, पण फेब्रुवारीत नको, आणि तीनच आठवडे या.' कारण काही बोलली नाही, तिचा तास होता. हे इतके दुखावले, 'पोटच्या पोरीकडे जायला तारखा मागायच्या का? मला नाही जायचं,' म्हणून बसलेत. मला वाटत होतं, एक महिना मुलीकडे, एक मुलाकडे. पण तो म्हणतो, ताईकडेच राहा. मी एकटी जाऊ का? आणि गेले तर दोघांना समोर बसवून एकदा विचारायचंय, परत कधी येणार? आम्ही आता थकत चाललोय. विचारावं का? बागेतल्या जाईचं रोप लेकीच्या दारात लावायचंही मनात आहे. यांना पोहायचा दांडगा उत्साह आहे. औषध म्हणाल तर फक्त रक्तदाबाचं. – एक आई"

ताई, तुमच्या लेकीनं न सांगितलेलं कारण मला पत्र वाचता वाचताच कळलं.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मग तो हिंदी महासागर असो की पॅसिफिक, नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे महिने. त्यातही जानेवारी ते मार्च सगळ्यात धोक्याचे. फिजीवर 'विन्स्टन' आदळलं ते २० फेब्रुवारी २०१६ ला, त्यात ४४ माणसं गेली. व्हानुआतूला 'पाम'नं झोडपलं ते मार्च २०१५ मध्ये. रियुनियन आणि मॉरिशसला 'बेलाल'चा तडाखा बसला जानेवारी २०२४ मध्ये, आणि रियुनियनला पुढच्याच वर्षी फेब्रुवारी सरता सरता 'गरान्स'चा. तिकिटं तेव्हा का स्वस्त दिसतात, ते आलं ना लक्षात? दर वर्षी प्रत्येक बेटावर वादळ येतंच असं नाही. विषुववृत्ताला अगदी लागून, पाच अंशांच्या आत असलेल्या बेटांवर तर ती क्वचितच जातात, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जो पीळ बसतो तो तिथं फार कमी. तुमच्या मुलांचं बेट नेमकं किती दक्षिणेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण नऊ वर्षं तिथं काढलेली मुलगी 'फेब्रुवारीत नको' म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या असतात, बंद पडलेला विमानतळ असतो आणि वीज गेलेल्या घरात उकडत बसलेले आईवडील असतात. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत हे सगळं सांगायचं राहून गेलं, एवढंच. शिवाय तिथं मुरलेल्या माणसाला ते सांगायचं सुचतही नाही. पावसाळ्यात पाऊस पडतो, हे कुणी कुणाला मुद्दाम सांगतं का?

एवढा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवा. मोठ्यानं, आणि चेहऱ्यावर 'बघा, मी म्हणत नव्हते?' असा भाव न आणता. निम्मा रुसवा तिथंच उतरेल असा माझा अंदाज आहे. माणसं हवामानावर फार काळ रुसून बसत नाहीत.

दक्षिणेकडे मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि त्यातल्या त्यात गार काळ. तेव्हा जा. (उत्तरेकडच्या बेटांवर ज्यांची मुलं आहेत त्यांनी उलटं धरायचं. कॅरिबियनमध्ये हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात.) तारखा मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवा, पण जरा वेगळ्या तऱ्हेनं. सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी पोहोचा. पहिल्या आठवड्यात तिला शाळा असू दे, तुम्हाला झोप येऊ दे. पुढचे दोन आठवडे ती मोकळी. झाले तीन आठवडे.

हे तीन आठवडे तुम्हाला टोचले आहेत, कळतंय मला. नऊ वर्षांनी जायचं आणि एकवीस दिवसांत परतायचं. पण ती संख्या तिनं तुमच्या प्रेमाची वजाबाकी करून काढलेली नसते. बेटावरच्या घरात पाहुण्याचा भार वेगळ्याच मापानं मोजला जातो, आणि ते माप मला माझ्या मूर्खपणातून कळलं. सांगतेच.

माझा मुलगा आणि सून सात वर्षं एका लहान बेटावर होते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी, ती दोघं कामावर गेल्यावर, घरातले सगळे पडदे उतरवले. त्यांना ओलसर वास येत होता. मग चादरी, अभ्रे, पायपुसणी. यंत्र चार वेळा लावलं. दुपारी दोरीवर रांगेनं पांढरेशुभ्र कपडे उडत होते आणि मी स्वतःवर भलती खूश होते. संध्याकाळी सून आली. दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघून हसली, पिशवी खाली ठेवली आणि घराच्या मागे गेली. तिथं पावसाच्या पाण्याची मोठी टाकी होती. तिनं बोटांच्या पेरांनी टाकीवर टकटक केली. खांद्याशी पोकळ आवाज. कमरेशी पोकळ. गुडघ्याशी पोकळ. मग ती खाली बसली आणि पार तळाजवळ कुठंतरी बद्द आवाज आला. काही बोलली नाही. त्या रात्री दोघांनी अर्ध्या अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली. मला मात्र पूर्ण बादली काढून ठेवली होती. पाऊस नऊ दिवसांनी आला. मला हे सगळं कळलं पाचव्या दिवशी, तेही मुलाच्या तोंडून, आणि त्यानं ते हसत सांगितलं म्हणून जास्तच लागलं.

चहूकडे पाणी, पण पिण्याचं पाणी हीच लहान बेटांवरची दुर्मिळ वस्तू. ते एकतर पागोळ्यांतून टाकीत येतं, नाहीतर जमिनीखालून. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर अक्षरशः तरंगत असतो, कारण तो हलका. हिशेब असा सांगतात की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीसेक मीटर असतं. म्हणजे वरून थोडं जास्त उपसलं की खालून खारं पाणी झपाट्यानं वर चढतं, आणि एकदा विहीर खारट झाली की ती लवकर गोडी होत नाही. तुवालूत २०११ च्या दुष्काळात आणीबाणी जाहीर करावी लागली होती, राजधानी फुनाफुतीत घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळत होतं. मोठ्या, डोंगराळ बेटांवर नद्या असतात, धरणं असतात, तिथं ही चिंता कमी. पण तुमची लेक कुठल्या प्रकारच्या घरात राहते हे तुम्हाला आज माहीत नाही, आणि माहीत नसताना दोन माणसांचा दोन महिन्यांचा मुक्काम आपण परस्पर ठरवून टाकला, हे तिच्या बाजूनं जरा बघा.

पाणी झालं, तसंच बाकीचंही. लहान बेटांवर बहुतेक वस्तू जहाजानं येतात. जहाज आलं की दुकान भरतं, लांबलं की फळ्या मोकळ्या. त्यामुळे घरात दोन माणसं वाढली तर 'त्यात काय, दोन पानं जास्त' इतकं ते सरळ नसतं. पाहुण्यांना निघून जायलाही जागा नसते. शहरात मुलाशी खटका उडाला तर माणूस दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहतो. बेटावर कुठं जाणार? वाळूवर जाऊन बसायचं आणि अंधार पडला की त्याच दारात परत यायचं.

आता मुलाचं. तो 'ताईकडेच राहा' म्हणाला त्याचा अर्थ मला वाटतो तो असा: हॉटेलातल्या कामगारांना राहायला बहुधा खोली मिळते, तीही एक-दोघांबरोबर वाटून घ्यायची. तिथं आईनं यावं, पलंगाखालची चपलांची रास बघावी आणि गप्प बसावं, हे त्याला नकोय. तुम्ही गप्प बसणार नाही हेही त्याला ठाऊक आहे. त्याला 'निदान खोली तरी दाखव' म्हणून गळ घालू नका. त्याच्या सुट्टीचा दिवस त्याला मागा, आणि तो जिथं नेईल तिथं जा. बोटीच्या धक्क्यावर नेऊन दोन तास बसवलं तरी बसा. त्याला पैसे खर्च करू द्या. हे आईबापांना सगळ्यात जड जातं. पाकीट काढायला हात शिवशिवतो. पण चार वर्षांत त्यानं जे उभं केलंय ते दाखवायला त्याच्याकडे तेवढा एकच दिवस असतो. आणि 'एक महिना इकडे, एक महिना तिकडे' ही वाटणी डोक्यातून काढून टाका. मुलं काही दोन खाती नव्हेत.

जावयाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. मी लिहिते. तीन आठवडे तुम्ही ज्याच्या घरात राहणार, तो त्या मातीतला माणूस आहे. त्याची आई, मावश्या, शाळासोबती सगळे हाकेच्या अंतरावर. पॅसिफिकमधल्या बेटांवर एक गमतीचा शब्द आहे, 'कोकोनट वायरलेस', म्हणजे कानोकानी पसरणारी बातमी. सकाळी शेजारणीपाशी 'आमच्या मुलीला इथं फार काम पडतं' असं सहज बोललात, तर ते संध्याकाळपर्यंत जावयाच्या आईच्या कानावर गेलेलं असतं, आणि तिथवर पोहोचेपर्यंत त्याला दोन फांद्याही फुटलेल्या असतात. तुमची भाषा तिथं कुणाला कळत नाही या भरवशावरही राहू नका, चेहऱ्याची भाषा सगळीकडे सारखीच. त्याच्याशी बोलायला मात्र एक सोपा विषय कायम तयार असतो. वारा आज कुठून आहे, भरती किती वाजता, पाऊस येईल का, हे त्याला विचारा. बेटावरचा माणूस यावर तासभर बोलतो. आणि तुम्हाला उपयोगी पडेल असं बरंच काही त्यातून कळतं.

जाईचं रोप न्यायचं नाही. यात माझ्याकडून जराही सवलत नाही. मातीचं ढेकूळ, बी, फांदी, फळ, काहीच नाही. बहुतेक बेटांवर उतरताना असल्या वस्तूंबद्दल लेखी सांगावं लागतं, आणि लपवलं तर दंड होतो. पण दंड बाजूला ठेवा. बेटावरच्या पक्ष्यांना, झाडांना बाहेरच्या शत्रूची सवयच नसते. गुआमवर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून लपून एक तपकिरी साप आला, त्यानं तिथल्या मूळच्या बारा जातींच्या वनपक्ष्यांपैकी दहा जाती बेटावरून नाहीशा केल्या. हवाईत उसाच्या शेतातले उंदीर मारायला १८८३ मध्ये मुंगूस आणले. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. उंदीर राहिले आणि पक्ष्यांची अंडी गेली. तुमच्या कुंडीतल्या मातीत काय दडलंय ते तुम्हालाही ठाऊक नाही. लेकीच्या दारात झाड लावायचंच असेल तर तिथल्याच रोपवाटिकेतून आणा आणि जावयाला खड्डा खणायला सांगा. जाई तिथंही मिळेल, न मिळाली तर तिथलं एखादं सुवासाचं झाड.

मग न्यायचं काय? तिला विचारा, आणि ती सांगेल तेवढंच न्या. ती काहीतरी नीरस सांगेल: मिक्सरचं वायसर, चष्म्याची काच, चांगल्या कात्र्या. तिला तेच हवं असतं. बेटावर एखादा चार बोटांचा सुटा भाग मिळायला दोन महिने लागू शकतात.

यजमानांसाठी एक स्वतंत्र परिच्छेद लिहिते, कारण त्यांना तिथं काम लागेल. नुसतं बसवलेला ६८ वर्षांचा माणूस आठव्या दिवशी घरात सुधारणा सुचवू लागतो. खाऱ्या हवेत लोखंडाला गंज फार लवकर चढतो. बिजागऱ्या कुरकुरतात, कुलपं अडतात, किल्ली फिरता फिरत नाही, सायकलीची साखळी महिन्यात लाल होते. माझे यजमान पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा चार दिवस तोंड पाडून होते. पाचव्या दिवशी त्यांनी मुलाला विचारलं, "तेल आहे का रे घरात?" आणि तेलाची छोटी बाटली घेऊन घरभर हिंडले. दारं, खिडक्या, फाटक. मग शेजारच्यांचं फाटक. जाईपर्यंत त्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांना ओळखत होती. फक्त आधी विचारायचं, हे महत्त्वाचं. पडद्यांच्या बाबतीत मी विचारलं असतं तर?

त्यांच्या पोहण्याची मला खरी काळजी आहे. तलावात, नदीत पोहलेल्या माणसाला समुद्राबद्दल खोटा आत्मविश्वास असतो. प्रवाळाच्या कड्याच्या आत पाणी काचेसारखं शांत दिसतं, पण लाटांनी आत आणलेलं पाणी कुठूनतरी बाहेर जायला हवं ना? ते कड्यातल्या खिंडीतून जातं, आणि तिथं ओढ जबरदस्त असते. उघड्या किनाऱ्यावर तेच काम रिप करंट करतो. लाटा दोन्ही बाजूंना फुटत असतात आणि मध्ये एक सपाट, गडद पट्टा दिसतो. नवख्याला तीच जागा उतरायला सोयीची वाटते. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही. अंग पाण्यावर सोडायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं. तोंडात नळी धरून पाण्यात मासे बघतात, ते स्नॉर्केलिंग वरवर निरुपद्रवी वाटतं. पण हवाईत पर्यटकांच्या बुडण्याच्या घटनांत त्याचा वाटा मोठा आहे, आणि त्यात वयस्क पुरुष बरेच असतात. नळीतून श्वास घ्यायला छातीला जास्त जोर लावावा लागतो, वय झालेल्या हृदयाला तो झेपेलच असं नाही. करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, कमरेएवढ्या पाण्यात, मुलगा शेजारी असताना. तो हॉटेलात आहे, कुठला किनारा कुठल्या महिन्यात वाईट हे त्याला पाठ असणार. वडिलांना ते सांगायची जबाबदारी त्याच्याकडे द्या. तुमचं ऐकणार नाहीत, त्याचं ऐकतील.

रक्तदाबाची गोळी 'फक्त' नसते. त्यातल्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. दमट उष्म्यात घाम सुटतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, शरीरातलं पाणी मात्र जातच राहतं. वय झाल्यावर तहानही उशिरा लागते. निघण्याआधी डॉक्टरांना ठिकाण सांगून विचारा, गोळीत काही बदल हवा का. स्वतःच्या मनानं गोळी कमी करायची नाही. उष्म्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात तुम्हाला झोपू द्या म्हटलं ते त्यासाठीच. गोळ्या मूळ वेष्टनात, हातातल्या पिशवीत, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीची नावं देशागणिक बदलतात. लहान बेटांवरच्या दवाखान्यात गंभीर आजार निभत नाही, रुग्णाला विमानानं हलवावं लागतं. तो खर्च भरणारा आणि आधीचे आजार धरणारा प्रवासविमा घ्या. विम्याचं हे बारीक अक्षर मात्र यजमानांना वाचायला द्या, रुसवा गेल्याची ती खूण समजा.

ऊन. समुद्रावरचा वारा अंगाला सुखावतो, म्हणून कातडी भाजतेय हे कळत नाही. पातळ ढगांनीही फार फरक पडत नाही. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद कडांची टोपी हे क्रीमपेक्षा भरवशाचं. क्रीम नेणार असाल तर डबीवरचं वाचा. पलाऊनं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून प्रवाळाला मारक समजली जाणारी ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्झेटसारखी द्रव्यं असलेल्या क्रीमची विक्री बंद केलीय. डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा मच्छरदाणी रात्रीपुरती लावून भागत नाही. ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज वेदनेची दुसरी गोळी मनानं घ्यायची नाही. आणि तिथं सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो. संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, म्हणून संध्याकाळी फिरायला जाताना खिशात विजेरी हवी.

आता तुमचा खरा प्रश्न. परत कधी येणार?

लेकीला विचारू नका. तिनं नऊ वर्षांत त्याचं उत्तर देऊन झालंय, तुम्ही ते ऐकलंही आहे, फक्त मान्य केलेलं नाही. तिचं घर तिथं आहे, नवरा तिथला आहे, उद्या मुलं झाली तर ती तिथलीच होतील. तुम्ही विचारलंत की तिला एकतर खोटं बोलावं लागेल, नाहीतर तुम्हाला रडवावं लागेल. तीन आठवड्यांत यातलं काहीच नको. मुलाचं सांगता येत नाही. तो येईलही. पण ताईसमोर बसवून विचारलंत तर तो ताईकडे बघून उत्तर देईल, तुमच्याकडे बघून नाही.

आणि मला विचाराल तर तुम्हाला खरं जे जाणून घ्यायचंय ते हे नव्हेच. 'आम्ही थकत चाललोय' हे तुम्ही त्याच ओळीत लिहिलंय. तुम्हाला विचारायचंय, आमच्यातलं एक जण रात्री दोन वाजता पडलं तर काय? हा प्रश्न जरूर विचारा. याला उत्तर असतं. त्या बेटावरून आठवड्यात किती विमानं निघतात, किती ठिकाणी बदलावी लागतात, म्हणजे मुलांपैकी कुणी दारात पोहोचायला किमान किती तास? तोवर घराची दुसरी किल्ली कुणाकडे? दवाखान्यात सही कोण करणार? कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत आणि ते मुलांना माहीत आहे का? अचानक तिकीट काढायला वेगळे पैसे ठेवायचे का, आणि ते कुणाच्या नावावर? दोघांपैकी कोण निघणार आणि कोण मागे राहून फोन सांभाळणार? हे मुलगी, मुलगा आणि जावई तिघंही असताना विचारा. दुसऱ्या आठवड्यात, दिवसाउजेडी, पोटात चार घास गेल्यावर. शेवटच्या रात्री बॅगा भरताना नाही. शेवटच्या रात्री विचारलेल्या प्रश्नाचा हुंदका होतो, आणि हुंदक्याला कुणी नीट उत्तर देत नाही. माझ्या घरी हे बोलणं झालं तेव्हा सुनेनं वही आणली आणि लिहून घेतलं. मला वाटलं होतं पोरं गंभीर होतील, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. तीही इतकी वर्षं तीच भीती घेऊन झोपत होती.

यजमान नाहीच आले तर एकट्या जा. त्यांच्यावर राग धरून नको, जायचंय म्हणून जा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने उरलेली असावी, बऱ्याच देशांत ते बघतात. तिकीट काढतानाच विमान बदलण्याच्या ठिकाणी मदतनीस मागून ठेवा. त्यात लाजायचं काही नाही, तो माणूस तुम्हाला एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेऊन सोडतो. मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पण मला वाटतं ते येतील. तेलाच्या बाटलीचं त्यांना सांगून बघा.

आणि आज लेकीला फोन करा, तिचे तास संपल्यावर. जुलै की ऑगस्ट ते नंतर ठरेल. आधी तिला विचारा, पाणी कुठून येतं गं तुमच्याकडे? टाकी असेल तर केवढी आहे?